हिंगोलीची छावणी आणि रणातील बेपत्ता शिपाई

मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर, कयाधू नदीच्या काठी वसलेल्या हिंगोली शहराचा लष्करी भूतकाळ तेथील जुन्या वस्त्यांच्या नावांत अजून जिवंत आहे. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा ही ती नावे होत. पलटन म्हणजे पायदळाची वस्ती, रिसाला म्हणजे घोडदळाची, तोफखाना म्हणजे तोफा आणि त्यांचे गोलंदाज यांची. सदर बाजार म्हणजे छावणीला दाणागोटा आणि कापडचोपड पुरवणारी पेठ, आणि पेन्शनपुरा म्हणजे नोकरीची वर्षे पुरी करून निवृत्तिवेतनावर राहिलेल्या शिपायांचा पुरा. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा निघालेला हिंगोली जिल्हा आज नरसी येथील संत नामदेवांमुळे आणि औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे ओळखला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकात या गावाची ख्याती निजामाच्या राज्यातील एक महत्त्वाची लष्करी छावणी अशी होती. त्या छावणीतून लष्कराच्या अंगोपांगांची नावे मागे राहिली आणि त्यांत चाकरी केलेल्या माणसांची नावे मात्र गेली. रणात पडलेल्या आणि विशेषतः रणात हरवलेल्या शिपायाच्या नावाचे पुढे काय होते, या प्रश्नाचा इतिहास हिंगोलीपासून शोधू लागले असता तो बसरा, चुशूल, कोरिया आणि व्हिएतनामपर्यंत जाऊन पोहोचतो.

‘बेपत्ता’ हा शब्द फारसी ‘बे’ या नकारार्थी उपसर्गापासून बनलेला असून त्याचा सरळ अर्थ ज्याचा पत्ता नाही असा आहे. लष्करी दप्तरात मात्र त्याला काटेकोर अर्थ आहे. जो सैनिक लढाईनंतरच्या हजेरीत सापडत नाही, ज्याचे प्रेत हाती लागलेले नाही आणि जो शत्रूच्या कैदेत असल्याचीही खात्री पटलेली नाही, त्याच्या नावापुढे हा शेरा पडतो. मेलेल्याला अग्नी किंवा माती मिळते, कैद्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचे संरक्षण मिळते, जखमीला इस्पितळ मिळते. बेपत्ता माणसाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही आणि त्याच्या घरच्यांना सुतकही धरता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने सात वर्षे ज्याची काही खबरबात नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार टाकला होता. ही व्यवस्था वारसाहक्काचे प्रश्न सोडवण्यास पुरेशी असली, तरी वाट पाहणे थांबवण्यास ती पुरेशी ठरत नाही.

जुन्या समाजाने या दोन्ही अवस्थांसाठी, म्हणजे मृत्यू आणि बेपत्ता होणे यांसाठी, आपापल्या रीती घालून ठेवल्या होत्या. दख्खनमधील अनेक गावांत वेशीवर, मंदिराच्या आवारात किंवा पारालगत वीरगळ उभे दिसतात. वीरगळ म्हणजे लढताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावर बहुधा तीन-चार आडवे थर कोरलेले असतात: तळाच्या थरात लढाई किंवा पळवून नेलेली गुरे सोडवण्याचा प्रसंग, त्यावर वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्याशी, ते असेतोवर त्याची कीर्ती टिकावी म्हणून, कोरलेले चंद्रसूर्य. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर वीराचे नाव, गाव आणि शक सांगणारे लेख आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. ती शिळा कोणाची, हे गावाच्या स्मरणावर सोपवलेले होते, आणि ते स्मरण विरले तेव्हा वीर तेवढा उरला, त्याचे नाव उरले नाही.

ज्याचे प्रेतच सापडले नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्राने वेगळा विधी सांगितला आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’सारख्या ग्रंथांत त्याचे विवेचन येते. परदेशी गेलेल्या माणसाची साधारणतः बारा वर्षे वाट पाहावी आणि त्यानंतर त्याची प्रतिमा करून तिचे दहन करावे, असा तो विधी आहे. ही प्रतिमा पळसाच्या ३६० देठांची असते. डोक्यासाठी किती, गळ्यासाठी किती, हातापायांसाठी किती, याची संख्या ठरलेली असते, आणि सुताने बांधलेली ती आकृतीच त्या माणसाचा देह मानली जाते. शास्त्रकारांनी याच्या पुढचाही विचार करून ठेवला आहे. दहन झालेला माणूस पुढे जिवंत परतला, तर त्याला तुपात न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याचा त्याच्याच पत्नीशी पुन्हा विवाह लावावा, असे ते सांगतात. मृत्यू गृहीत धरतानाही परतीची वाट मोकळी ठेवणारा हा विधी बेपत्ता माणसाच्या घरच्यांचे मन किती नेमके ओळखतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हिंगोलीची छावणी ज्या फौजेची होती, तिला पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ असे नाव पडले. निजामाच्या खर्चाने पोसलेली परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची अशी ही फौज होती. तिचा एक गाभा म्हणजे हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा दरबारातील प्रतिनिधी, हेन्री रसेल याने १८१३ मध्ये उभारलेली रसेल ब्रिगेड. आणि दुसरा म्हणजे एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नवाब सलाबतखानाच्या पलटणी. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम आणि हिंगोली अशा ठाण्यांत या पलटणी विखुरलेल्या असत आणि त्यांची एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात बदली होत असे. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड आणि अलीकडे मराठवाडा अशा सांध्यावर वसलेल्या हिंगोलीचे महत्त्व या भूगोलातून आले. फौजेतील शिपाई मोठ्या संख्येने उत्तरेकडून आलेले ‘हिंदुस्थानी’ असत. त्यामुळे हिंगोलीच्या छावणीत मेलेल्या शिपायाची बातमी अनेकदा शेकडो कोस दूरच्या गावी जावी लागे, आणि ती पोहोचलीच याची शाश्वती नसे.

या फौजेची कसोटी पाहणारी एक लढाई याच मुलखात झाली. पैनगंगा आणि गोदावरी यांच्या दरम्यानच्या प्रदेशात हटकर नाइकांचे प्राबल्य होते आणि त्यांचा पुढारी नौसाजी नाईक याच्या ताब्यात नव्ह्याचा किल्ला होता. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या हाताखालील फौजेने या किल्ल्याला वेढा घातला आणि महिनाअखेरीस तटाला खिंडार पाडून तो हल्ल्याने घेतला. आत हटकरांबरोबर अरब शिपाईही होते आणि त्यांच्यातील बहुतेक जण शस्त्र खाली न ठेवता मारले गेले. या विजयाबद्दल कंटिंजंटच्या पलटणींना ‘नोवा’ हे युद्धसन्मानाचे नाव मिळाले. युद्धसन्मान म्हणजे गाजवलेल्या लढाईचे नाव पलटणीच्या निशाणावर मिरवण्याचा अधिकार होय. अशा रीतीने गावाचे नाव इंग्रजी वळणाने निशाणावर चढले, परंतु तटाच्या आत मेलेल्यांची आणि तटाबाहेर मेलेल्या शिपायांची नावे कोणत्याही दगडावर चढली नाहीत. जिंकणाऱ्याच्या बाजूचा शिपाई आणि हरणाऱ्याच्या बाजूचा शिपाई या एका बाबतीत अखेर सारखेच ठरले.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात वऱ्हाडाच्या कायम पट्ट्याचा करार झाला आणि त्यापाठोपाठ १९०३ मध्ये कंटिंजंट स्वतंत्र फौज म्हणून संपून हिंदी सैन्यात विलीन झाली. हिंगोलीची छावणी उठली. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले आणि रिसाल्यांतून डेक्कन हॉर्ससारखी घोडदळे तयार झाली. अवघ्या अकरा वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले तेव्हा या जुन्या छावण्यांचे वारस तीन खंडांत विखुरले गेले. ९८ वी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदरावरच्या फसलेल्या स्वारीत होती. २० वी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या रानाजवळ भाले घेऊन दौडली. आणि ९७ वी डेक्कन इन्फंट्री मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात अडकलेल्या सैन्याची सुटका करण्यासाठी लढली. त्या वेढ्याच्या आत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले, सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि वाळवंटातून अनातोलियाकडे झालेल्या त्या पायपिटीत उपासमारीने व रोगराईने मेलेल्या असंख्य शिपायांना वाटेवर कबरही मिळाली नाही.

या महायुद्धाने मृत सैनिकांविषयीचा एक नवा विचार जगापुढे आणला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने अधिकारी आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब असा भेद न करता प्रत्येकाच्या नावाची नोंद दगडावर करावी, असे तत्त्व स्वीकारले. ज्यांचे प्रेत सापडले नाही त्यांच्यासाठी नावांच्या भिंती उभारण्याचे ठरले. फ्रान्समधील न्यव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे खरोखरच कोरली गेली. परंतु १९२९ मध्ये उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हे तत्त्व पाळले गेले नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक माणसांचे ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, परंतु हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांचा आकडा एवढेच कोरले गेले. त्यांची नावे कागदी यादीत राहिली. याच संस्थेने, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेकडील किमान १,१६,००० मृतांची नावानिशी स्मृती राखली गेली नसल्याचे मान्य करून क्षमा मागितली. हिंगोलीच्या वस्तीच्या नावात जे अजाणता घडले होते, तेच बसऱ्याच्या दगडावर ठरवून घडले: पलटण राहिली आणि शिपाई गेला.

१९२२ च्या पुनर्रचनेत कंटिंजंटच्या पायदळ पलटणींमधून १९ वी हैदराबाद रेजिमेंट घडली आणि १९४५ मध्ये तिचे नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झाले. अचलपूरच्या नवाबाच्या काळात १७८८ साली उभ्या राहिलेल्या पलटणीची परंपरा सांगणाऱ्या ४ कुमाऊँचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे धारातीर्थी पडले आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरले. उखळी तोफांच्या मार्‍याने त्यांच्या देहाची ओळख पटण्याजोगी अवस्था राहिली नव्हती. तीन दिवसांनी तो सापडला तेव्हा कमरेची पिस्तुलाची चामडी म्यान आणि खिशातील भगवद्गीतेची काही पाने यांवरून तो त्यांचा असल्याचे ठरले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला खिंडीत याच रेजिमेंटच्या १३ व्या पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली लढली आणि सुमारे १२० जवानांपैकी ११४ जण मारले गेले. इतकी माणसे अखेरच्या गोळीपर्यंत लढली यावर सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका लडाखी मेंढपाळाच्या दृष्टीस ते देह पडले. बर्फाने ते जसेच्या तसे राखले होते, कोणाच्या हातात बंदूक होती, तर कोणाच्या हातात हातबाँब. तीन महिने बेपत्ता असलेले हे जवान अशा रीतीने स्वतःच आपले साक्षीदार झाले. खिंडीजवळच्या चुशूल येथील स्मारकावर आज त्यांची नावे आहेत.

याच परंपरेतील एका अधिकाऱ्याने बेपत्ता आणि कैदी सैनिकांचा प्रश्न जगाच्या व्यासपीठावर हाताळला. हैदराबाद रेजिमेंटमध्ये लष्करी आयुष्य सुरू केलेले जनरल थिमय्या हे कोरियातील युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये तटस्थ राष्ट्रांच्या प्रत्यावर्तन आयोगाचे अध्यक्ष झाले. प्रत्यावर्तन म्हणजे युद्धकैद्यांना मायदेशी परत पाठवणे. ज्या कैद्यांनी परत जाण्यास नकार दिला होता, त्यांचा खरा कौल समजून घेणे हे आयोगाचे काम होते. अशा २२,००० हून अधिक कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख कोल्हापूर संस्थानातील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते. त्या कैद्यांत मायदेशी न जाऊ पाहणारे २३ अमेरिकन सैनिकही होते. त्यांपैकी दोघांनी नंतर विचार बदलला आणि २१ जण मागे राहिले. एका मराठी सेनानीच्या पहाऱ्याखाली, तंबूतंबूत बसून प्रत्येक कैद्याचे नाव, गाव आणि मनोगत विचारले गेले. बसऱ्याच्या दगडावर आकडा झालेल्या शिपायांचे वारस आता परक्या शिपायाला त्याचे नाव विचारत होते, ही इतिहासाची फिरती वाट लक्षणीय आहे.

व्हिएतनामशी भारताचा संबंध याच भूमिकेतून आला. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेनंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय देखरेख व नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि कॅनडा व पोलंड हे त्याचे इतर सदस्य होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आयोगाचे विमान लाओसमधील व्हिएनतियानहून हानोईकडे निघाले आणि वाटेत नाहीसे झाले. त्यात १३ माणसे होती: चार फ्रेंच कर्मचारी, तीन कॅनेडियन, एक पोलिश आणि पाच भारतीय. ते विमान आजतागायत सापडलेले नाही. व्हिएतनामच्या युद्धातील बेपत्ता म्हटले की अमेरिकन सैनिकच डोळ्यांपुढे येतात; परंतु त्याच डोंगराळ अरण्यात शांततेच्या कामावर गेलेले हे पाच भारतीयही हरवले आहेत, याची आठवण मराठी वाचकाने ठेवली पाहिजे. व्हिएतनामी बेपत्ता तर लाखांत मोजावे लागतात.

अमेरिकेच्या बाजूने या युद्धात ५८,००० हून अधिक सैनिक मरण पावले. जानेवारी १९७३ मधील पॅरिस करारानंतर ५९१ अमेरिकन कैदी परतले, परंतु अडीच हजारांहून अधिक जणांचा थांगपत्ता लागलेला नव्हता. त्यांच्या कुटुंबीयांनी संघटना बांधून सरकारला शोध चालू ठेवण्यास भाग पाडले. पुढे अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्या पथकांनी विमाने कोसळलेल्या जागा खणून, माती चाळून, दात आणि हाडांचे तुकडे प्रयोगशाळेत तपासून शेकडो जणांची ओळख पटवली. तरीही दीड हजारांहून अधिक जण अद्याप बेपत्ताच्या यादीत आहेत. १९८२ मध्ये वॉशिंग्टन येथे माया लिन या तरुण विद्यार्थिनीच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या भिंतीवर या सर्वांची नावे आहेत. ती भिंत ज्या काळ्या ग्रॅनाइटची आहे, तो दख्खनच्या दक्षिण भागातून, बंगळूर परिसरातून, नेलेला आहे. तिच्यावर हुद्दा लिहिलेला नाही. जनरल आणि शिपाई मरणाच्या दिवसाच्या क्रमाने एकाच आकाराच्या अक्षरांत येतात. मृत्यू निश्चित झालेल्याच्या नावाजवळ लहानसा समभुज चौकोन कोरलेला असतो आणि बेपत्ताच्या नावाजवळ क्रूस. अवशेषांची ओळख पटली की क्रुसाच्या जागी चौकोन कोरला जातो. आणि कोणी जिवंत परतलाच, तर क्रुसाभोवती वर्तुळ कोरायचे असे ठरलेले आहे. असे वर्तुळ कोरण्याची वेळ आजवर आलेली नाही. तरी त्यासाठी दगडावर जागा राखून ठेवणारी ती बुद्धी आणि पळसाच्या प्रतिमेचे दहन केल्यानंतरही परतलेल्याला तुपात न्हाऊ घालण्याची तरतूद करणारी बुद्धी यांच्यात फारसे अंतर नाही.

भारताच्या बाबतीत हा प्रश्न १९७१ च्या युद्धाने धगधगता ठेवला आहे. त्या युद्धानंतर भारताने सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैद्यांना परत पाठवले. परंतु भारताचे ५४ सैनिक व अधिकारी पाकिस्तानच्या कैदेत राहिल्याचे सरकारने मानले आणि पाकिस्तानने ते सतत नाकारले. त्यांच्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे मराठी वैमानिक आहेत. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात त्यांचे सुखोई-७ विमान पडले आणि त्या सुमारास ढाक्याच्या एका वृत्तपत्राने जिवंत पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्या आडनावाशी जुळणारे नाव छापले. एका अक्षराचा फरक असलेले ते छापील नाव हाच त्यांच्या कुटुंबाचा आधार ठरला. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी होत्या. त्यांनी पुढची अनेक दशके या शोधाला वाहिली. १९८३ आणि २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांची पथके पाकिस्तानातील तुरुंग पाहून आली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतली. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने कैद्याचे नाव कळवणे पकडणाऱ्या राष्ट्रावर बंधनकारक केले आहे. कारण नाव कळवले गेले की माणूस नाहीसा करणे कठीण होते.

दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकावर २०१९ पासून स्वातंत्र्योत्तर काळातील सुमारे २६,००० हुतात्म्यांची नावे एकेका शिळेवर स्वतंत्रपणे कोरलेली आहेत. मुका वीरगळ, बसऱ्याचा आकडा आणि दिल्लीची ही नावाची शिळा यांच्यामधील अंतर म्हणजे शिपायाला माणूस म्हणून ओळखण्यास राज्यसंस्थेला लागलेला काळ होय. हिंगोलीतील पेन्शनपुरा ज्यांचा होता, त्यांची नावे निवृत्तिवेतनाच्या यादीत होती आणि ते जिवंत परतले होते. महिन्याच्या महिन्याला त्या यादीतून नाव पुकारले जाई आणि माणूस पुढे येई. जे परतले नाहीत, त्यांच्यासाठी शहरात कोणतीच वस्ती वसली नाही. त्यांच्या पलटणींच्या जुन्या याद्या दप्तरांतून आहेत, बसऱ्याचे कागदी नामपट आहेत, आणि त्यांतून एकेक नाव उतरवून ते दगडावर आणण्याचे काम अजून करता येण्याजोगे आहे. कयाधूच्या काठच्या या गावाने पलटणीचे नाव दोनशे वर्षे जपले आहे. शिपायाचे नाव जपण्याचे ऋण बाकी आहे.